शेवटचा शब्द कार्मिनचा

माझी बायको कार्मिन माईकवर बोलायला लागली की कबड्डीचे संयोजक घड्याळाकडे बघतात. मला ते दिसतं आणि माझं डोकं फिरतं. कामण असो, चांदीप असो की जूचंद्र, महिलांचे सामने आहेत असं कळलं की कार्मिन तिथे हजर. माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून येते. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. आता तिचा ड्रायव्हर, सेक्रेटरी आणि पाण्याची बाटली धरणारा. संयोजक तिला पाच मिनिटं देतात, ती पंधरा घेते.

तिचं सांगणं एका वाक्याचं आहे. डोक्याला मार बसला की ती मुलगी बाहेर. तिला बरं वाटतंय का, हे तिला विचारायचं नाही, कॅप्टनला नाही, कोचला तर नाहीच नाही. बाहेर बसवायचं, डॉक्टरकडे न्यायचं आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदानात पाय ठेवू द्यायचा नाही. "गुडघा सुजला की दिसतो," ती मुलींना सांगते, "मेंदू सुजला तर कोणाला दिसतो गं?" मुली माना डोलावतात आणि ती खाली उतरली की पट्ट्या बांधायला लागतात.

हे ती ऐकीव सांगत नाही. एके काळी कार्मिन जिल्ह्याच्या संघाची डावी कोपरारक्षक होती. ज्यांना कबड्डी कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्या संघाची चढाईपटू आत आली की कोपऱ्यातल्या मुलीने झेप घेऊन तिचा घोटा धरायचा. धरणारीचं डोकं बरोबर पळणारीच्या गुडघ्याच्या उंचीला येतं. त्यामुळे कोपरारक्षकाने गुडघे खायचेच असतात, असा आमच्याकडे समज आहे. कार्मिनने वर्षानुवर्षं खाल्ले. आणि दर वेळी त्यावर औषध एकच. बादलीतलं पाणी डोक्यावर ओतायचं, गालावर चापट्या मारायच्या, "बोटं किती?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पाठीवर थाप मारून तिला कोपऱ्यात ढकलायचं.

आमच्या हॉलमध्ये तिचा एक मोठा फोटो आहे. राज्य स्पर्धेचा अंतिम सामना, कार्मिनने दोन्ही हातांनी घोटा धरलाय, मागे प्रेक्षक हवेत उडालेत. त्या पकडीने सामना जिंकला. पहिल्या डावातच तिच्या कानशिलावर गुडघा बसला होता आणि त्यानंतरचं तिला काही म्हणजे काही आठवत नाही. पाहुणे फोटोचं कौतुक करतात तेव्हा ती म्हणते, "त्यातली बाई मी आहे असं सगळे सांगतात बुवा." पाहुण्यांना तो विनय वाटतो.

त्या खेळावर तिला सरकारी खात्यात नोकरी लागली. लग्नानंतरही ती काही वर्षं खात्याकडून खेळली, जेनिफर झाल्यावर थांबली. चाळिशी ओलांडली आणि डोकं दुखायला लागलं. मग उजेड सहन होईना. मग माझी शांत बायको मासळी नीट साफ केली नाही म्हणून कोळणीवर अशी ओरडली की ती बिचारी पाटी उचलून निघून गेली. ऑफिसात काउंटरवर चुका व्हायला लागल्या, तेव्हा तिने स्वतःहून नोकरी सोडली. त्या काळात आम्ही चष्मा बदलला, पित्ताची औषधं घेतली, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना केल्या. कबड्डीचं नाव कोणाच्या तोंडात आलं नाही.

ते आलं मुंबईच्या एका डॉक्टरबाईंच्या तोंडून. त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी बॉक्सिंग वगैरे खेळलात का?" कार्मिन हसली आणि म्हणाली, "नाही, पण गुडघ्यांनी माझ्याशी बॉक्सिंग केलंय." त्या बाईंनी सगळं समजावलं. वारंवार मार खाल्लेला मेंदू पुढे हळूहळू झिजू शकतो. तुमचा झिजतोय असं वाटतं. पण तोच आजार आहे का, हे जिवंत माणसात खात्रीने सांगता येत नाही, मरणानंतर मेंदू तपासला तरच कळतं. आणि कबड्डी खेळलेल्या बायकांबद्दल तर अभ्यासच हाताशी नाही, कारण कोणी तपासायलाच येत नाही. मी हताश होऊन बसलो होतो. कार्मिनने मात्र पर्स उघडून पेन काढलं आणि विचारलं, "माझा मेंदू द्यायचा असेल तर सही कुठे करायची?"

यावरून घरात जे रामायण झालं ते विचारू नका. माझी आत्या फ्लॉसी नव्वदीला टेकलेली. ती काठी आपटत आली. "शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, तेव्हा तू काय रिकाम्या डोक्याने उठणार?" कार्मिन म्हणाली, "आत्या, देवाला सांगेन, तू दिलेलं होतं ते जरा मुंबईत ठेवलंय." फादरांनी हरकत नाही म्हटलं, तरी आत्याने महिनाभर आमच्याकडचा चहा घेतला नाही.

मग ती जुन्या मैत्रिणींच्या मागे लागली. डॉक्टरबाईंना तपासणीसाठी खेळाडू हव्या होत्या. सुनंदा तिच्या संघातली चढाईपटू, आता जूचंद्रला नव्या टॉवरमध्ये राहते. आम्ही गेलो तेव्हा तिने भजी तळली, जुन्या गोष्टी निघाल्या, दोघी पोट धरून हसल्या. तपासणीचा विषय काढला आणि सुनंदाने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "अगं, आमच्या प्रितेशचं लग्न ठाण्याला जमतंय. आई मेंदूच्या डॉक्टरकडे जाते म्हटलं तर मुलीकडचे काय समजतील? आणि मला काही होत नाही. जिना उतरताना जरा तोल जातो, तेवढंच." लिफ्टमध्ये कार्मिन मला म्हणाली, "तिलाही झालंय, ऑस्कर." बाकीच्या मैत्रिणींनी भजीही तळली नाहीत.

अशी वर्षं गेली. या बाईचं सगळं सांगणं शेवटी एका मुलीपाशी येऊन थांबतं, हे मला ठाऊक होतं. ती आमची जेनिफर. बँकेत नोकरी करते आणि गावच्या संघातून डाव्या कोपऱ्यात खेळते. आईच्या पोटातून झेप घेऊनच आली जणू. कार्मिनने तिला खेळू नको असं कधी म्हटलं नाही. "खेळ सोडायला नाही सांगत मी कोणाला," असं ती भाषणातही म्हणते. पण जेनिफर मैदानात उतरली की कार्मिनची बोटं माझ्या मनगटात रुततात. "माझ्यासारखं माझ्या पोरीचं होऊ नये." या एका गोष्टीसाठी ती उन्हातान्हात माईक धरून उभी राहते, आणि हे तिने मला ठासून सांगितलेलं आहे.

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या सणानिमित्त जिमखान्याने महिलांची खुली स्पर्धा ठेवली. मुख्य पंच चंद्रहास. हा जूचंद्रचा, जुना खेळाडू आणि आमचा जुना दोस्त. वर्षानुवर्षं त्याने कार्मिनची थट्टा केली होती. "ताई, तुजा ऐकला तर मैदानावर फक्त पंच उरतील." पण त्या वर्षी त्याच्या पुतणीला सामन्यात डोक्याला लागलं आणि ती आठवडाभर ओकत होती. तेव्हापासून तो बदलला. जिमखान्याच्या सभेत तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मना पटलाय. यंदा नियम करायचा. डोक्याला लागला तर खेळ थांबवायचा."

मला वाटलं, जिंकलो आपण. पण आमच्या लोकांना कोरडा नियम पचत नाही. त्यांना नियमाच्या जागी माणूस लागतो. पाण्याच्या भांडणापासून लग्नाच्या वरातीपर्यंत आमच्याकडे 'अमुक सांगेल ते शेवटचं' असंच ठरतं. जिमखान्याचा सचिव जेन्सन म्हणाला, "सरसकट बाहेर बसवलं तर भांडणं होतील. कोणाला किती लागलंय हे कळणार कोणाला? कार्मिन आंटीला. त्यांना मैदानाशेजारी खुर्ची देऊ. त्या सांगतील तोच शेवटचा शब्द." टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ तिथल्या तिथे ठरले.

मी म्हणालो, "अरे, ती स्वतःच सांगते की कोणाला विचारायचं नाही. मार लागला की बाहेर, संपलं. माणसावर कशाला टाकता?" जेन्सन हसून म्हणाला, "सर, बायकोचा मान बघवत नाही का?" सगळे हसले. कार्मिनचं अलीकडे कसं चाललंय ते मी आणि जेनिफर सोडून कोणाला माहीत नव्हतं. तिचं भाषण तोंडपाठ होतं, ते कधी चुकत नसे. पण गॅसवर दूध ठेवलेलं ती विसरायची. आणि कधी कधी, विशेषतः गोंगाटात, ती वर्तमानातून निसटायची. एकदा लग्नाच्या बँडच्या आवाजात तिने मला विचारलं होतं, "जिल्ह्याची बस आली का?" तिला तो मान इतका हवा होता. त्या दिवशी घरी येऊन ती आरशासमोर शाल पांघरून बघत होती. तिला नको म्हणण्याची माझी छाती झाली नाही आणि कोणाची झाली असती असंही मला वाटत नाही.

सणाचा दिवस. चर्चमध्ये मिस्सा झाली, लोकांची जेवणं झाली, संध्याकाळी सामने सुरू झाले. ढोलताशा, भोंगे, लाऊडस्पीकरवर समालोचन. कार्मिन गादी घातलेल्या खुर्चीवर, अंगावर शाल. पहिल्या सामन्यांत एका मुलीचं नाक फुटलं, एकीच्या डोक्याला जरासा धक्का लागला. दोघींना कार्मिनने बाहेर बसवलं. कोणी चूं केलं नाही. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

अंतिम सामना आमचा आणि विरारकडच्या एका संघाचा. शेवटची काही मिनिटं उरली होती, आम्ही एका गुणाने मागे. त्यांची उंच चढाईपटू आत आली, जेनिफरने झेप घेतली. घोटा हातात आला आणि गुडघा तिच्या कानशिलावर बसला. तो आवाज मला ढोलाच्या वरून ऐकू आला. जेनिफर आडवी झाली, मग उठून बसली, डोकं दोन्ही हातांत धरून.

चंद्रहासने शिट्टी मारली. खेळ थांबला, ढोल थांबला. सगळं मैदान कार्मिनकडे बघायला लागलं. मी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, मंडपाच्या खांबापाशी होतो. मला वाटलं, इतक्या वर्षांचं चीज झालं.

कार्मिन उठली. शाल खाली पडली, तिने उचलली नाही. मी तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा मी ओळखत होतो. जिल्ह्याची बस आली का विचारणारा.

"ऊठ गं!" ती ओरडली. आवाज खणखणीत, कॅप्टनचा. "पाणी मारा तिच्या डोक्यावर! कोपरा रिकामा ठेवायचा नाही!"

चंद्रहास गोंधळला. "ताई, नक्की ना? जेनिफर हाय ती."

"नक्की काय विचारतोस? वेळ जातोय. शिट्टी मार!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाशप्पथ, टाळ्या वाजवल्या! जी बाई कोणाला खेळू देत नाही ती स्वतःच्या मुलीला खेळ म्हणतेय, म्हणजे काही झालंच नसणार. मी ओरडत निघालो, "थांबवा! तिला आत घेऊ नका!" खुर्च्या, माणसं, लहान पोरं, मधे दोरी. कोणीतरी माझा दंड धरून प्रेमाने म्हणालं, "सर, बापाचं काळीज, समजतो आम्ही. पण यातलं मॅडमना कळतं." तोवर बादली रिकामी झाली होती. जेनिफरने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि ती ओल्या केसांनी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

पुढची चढाई तिच्याच बाजूने आली. या वेळी तिने झेप घेतली नाही, तिला कदाचित ती चढाईपटू दिसलीच नाही. धडकेने ती मागच्या मागे पडली. डोकं जमिनीवर आपटलं आणि तिचे हातपाय झटके द्यायला लागले. जिमखान्याच्या गाडीतून आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. सगळ्या वाटेत कार्मिन तिचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ड्रायव्हरला सांगत होती, "हळू, खड्डे चुकव, मान हलता कामा नये." तोवर ती पूर्ण ताळ्यावर आली होती. आणि मैदानावरचं स्वतःचं बोलणं तिच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

जेनिफर वाचली. पण गेले कित्येक महिने ती घरी आहे. पडदे ओढलेले. मोबाईल बघितला की मळमळतं, कॉम्प्युटर तर दूरच. बँकेने रजा दिली आहे, ती कधी संपेल माहीत नाही. तिची सेवा कार्मिन करते आणि तशी कोणी करणार नाही. उजेड किती, आवाज किती, कधी उठवायचं, सगळं तिला कळतं. फक्त दूध उतू जातं ते मी बघतो. आणि रोज, अगदी रोज, ती मला विचारते, "तिला परत आत कोणी पाठवलं?"

चंद्रहास एकदा शहाळी घेऊन आला. कार्मिनने त्याला गाठलंच. "तू पंच होतास. कोणाचं ऐकलंस तू?" मोठा आडदांड माणूस, हातातल्या कोयत्याकडे बघत राहिला. "गर्दीत कोन काय बोलला, मना समजला नाय, ताई." मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथे तो पालथ्या हाताने डोळे पुसत म्हणाला, "सर, मना शिव्या घाला. पन तिला काय सांगू मी?" मी त्याला शिव्या घातल्या नाहीत. त्या ज्यांना घालाव्यात असे टाळ्या वाजवणारे सगळे मला रोज चर्चला भेटतात आणि जेनिफरची चौकशी करतात.

एका दुपारी कार्मिन झोपली होती तेव्हा मी जेनिफरच्या अंधाऱ्या खोलीत गेलो. म्हणालो, "मी मम्मीला सांगून टाकतो. मला हे सहन होत नाही. आणि तू तरी का गेलीस गं? तुला कळत होतं ना?"

"कळत होतं, डॅडी," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मम्मी हरवलीय हे मला लगेच कळलं. पण सगळे बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांना समजलं असतं की तिला काय झालंय. मग तिचं कोण ऐकलं असतं? मला वाटलं, दोन मिनिटं तर आहेत."

मी तिची चादर नीट केली.

"तू सांगायचं नाहीस," ती म्हणाली. "प्लीज. तिला कळलं तर ती परत माईक हातात घेणार नाही. मी तिला सांगितलंय, मला काही आठवत नाही. तिने लगेच मानलं. म्हणाली, असं होतंच, लक्षणच आहे ते."

खरं म्हणजे त्या मैदानावर जे झालं त्याच्याहून मोठा पुरावा कार्मिनच्या हातात कधीच येणार नाही. मार खाल्लेला मेंदू काय करतो, नियम माणसावर का सोडायचा नसतो, सगळं त्यात आहे. आणि नेमकं तेवढंच तिला सांगता येत नाही. डॉक्टरबाईंना मी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगावं की नाही, याचं उत्तर माझ्याकडेही नाही, सर."

परवा चांदीपला सामने होते. शेतं कापून झालेली, तिथेच मैदान आखलेलं. कार्मिनने हट्ट धरला की जेनिफरला न्यायचं, मुलींना प्रत्यक्ष दिसू दे. आम्ही रिक्षा केली. जेनिफर काळा चष्मा आणि टोपी घालून खुर्चीवर बसली, भोंग्यापासून लांब. कार्मिन माईकवर उभी राहिली. इतकं चांगलं ती कधीच बोलली नव्हती. संयोजकांनीही घड्याळ पाहिलं नाही.

"ही माझी मुलगी," ती म्हणाली. "डाव्या कोपऱ्यात खेळायची. तिला एकदा लागलं होतं. तेव्हाच बसवली असती तर आज ती ऑफिसला गेली असती. पण कोणीतरी तिला उठवलं. कोणीतरी म्हणालं, पाणी मारा आणि पाठवा. तिला स्वतःला ते आठवत नाही. पण ज्याने तिला पाठवलं त्याला आठवत असेल ना? तो रात्री झोपतो कसा, हे मला त्याला विचारायचंय. मी त्याला सोडणार नाही."

पुढच्या रांगेतली एक मुलगी, पट्टी बांधता बांधता थांबलेली, धीर करून म्हणाली, "मग सापडला का तो, मॅडम?"

कार्मिनने माझ्याकडे वळून पाहिलं. "ऑस्कर, सापडला का रे?"

जेनिफरने काळा चष्मा माझ्याकडे वळवला. पाण्याची बाटली माझ्या हातात होती.

"नाही अजून," मी म्हणालो.

"हा बघा असा आहे," कार्मिन मुलींना म्हणाली, "गेले कित्येक महिने सांगतेय याला. नीट शोधतच नाही." मुली हसल्या, आणि तिने माईक खाली ठेवून माझ्याकडे पाणी मागितलं.